मूल येत नसेल तर फी कसली? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

घरगुती पाळणाघराच्या करारावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत : "आम्ही १० तारखेला सांगून मूल काढलं, तरी बाईंनी पुढच्या महिन्याभराची फी अनामतीतून कापून घेतली. न आलेल्या दिवसांचे पैसे कसले? आणि मुलं जिला मावशी म्हणतात तिने कागदावर सही मागावी, हे पटत नाही." तुमचा राग मला समजतो. त्यातलं काही मला मान्यही आहे. पण आधी फीचं बोलते.

पाळणाघराची फी तासांची नसते, जागेची असते. माझ्याकडे ५ मुलं आहेत. सहावं घेत नाही, कारण त्यातली २ अजून रांगतात आणि रांगत्या मुलामागे एक माणूस अडकून पडतं. एक मूल गेलं की मिळकतीचा पाचवा हिस्सा गेला. मदतनीस बाईंचा पगार मात्र तेवढाच राहतो. बरं, जागा लगेच भरते असंही नाही. कोणीतरी चौकशी करतं, घर बघून जातं, विचार करून कळवतो म्हणतं. मग मूल रुळवायचं. सुरुवातीला आईसोबत तासभर, मग आई बाहेर आणि मूल आत, मग जेवणापर्यंत, शेवटी दुपारच्या झोपेपर्यंत. कोणी आठवड्यात रुळतं, कोणाला ३ आठवडे लागतात. तेवढ्या दिवसांत दुसरं नवं मूल मी घेत नाही. दोघं एकदम रडायला लागली तर कडेवर कोणाला घ्यायचं? आणि गेलेलं मूल ४ वर्षांचं, चौकशी ७ महिन्यांच्या बाळाची असेल, तर जागा रिकामी असूनही नाही म्हणावं लागतं. मूल काढण्याआधी पालकांनी द्यायची १ महिन्याची नोटीस या सगळ्यातून आली आहे. आजारपणातल्या खाड्यांसाठीही मी फी कमी करत नाही ती याचसाठी. मूल घरी असलं तरी त्याची जागा मी दुसऱ्याला देत नाही.

एकदा शनिवारी रात्री फोन आला, "सोमवारपासून येणार नाही." त्या मुलीची चादर, पाण्याची बाटली माझ्याकडेच होती. बाकीची मुलं आठवडाभर दार वाजलं की तिचं नाव घ्यायची. तिला दोन वर्षं रोज झोपवलं होतं मी, आणि निरोप घ्यायला एक दिवससुद्धा मिळाला नाही. नोटिशीचा महिना त्यासाठीही हवा असतो, ताई. मुलांनाही सांगावं लागतं.

आता तुमचं म्हणणं. नोटीस एकाच बाजूने असेल तर तो करार चुकीचाच. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. घरातल्या आजारपणामुळे मी एकदा ४ दिवसांत पाळणाघर बंद केलं. उरलेल्या दिवसांची फी परत केली, पण त्या आयांनी रजा कुठून आणल्या असतील ते मला अजून टोचतं. तेव्हापासून माझ्या करारात पालकांसाठी १ महिना आणि माझ्यासाठी २ महिने आहेत. मला नवं मूल मिळायला वेळ लागतो, पण त्यांना विश्वासाची जागा मिळणं त्याहून अवघड.

दुसरं, नोटिशीच्या मुदतीत ती जागा भरली, तर त्या दिवसापासूनची फी परत द्यायलाच हवी. एका जागेचे दोघांकडून पैसे घेणं मला मान्य नाही. लेखात मी हे लिहिलं नव्हतं, ती माझी चूक. आज लेखात भर घातली आहे. पहिले २ आठवडे नोटीस लागू नसावी, कारण मूल रुळेल की नाही हे आधी कोणालाच माहीत नसतं. आणि मुलाला मारलं, एकटं सोडलं, असं काही घडलं असेल तर नोटिशीची वाट न बघता मूल त्याच दिवशी घरी न्यावं.

सहीबद्दल एवढंच, की पूर्वी माझं सगळं तोंडी चालायचं. मग महिनाअखेरीला मूल कडेवर असताना दारात पैशांचं बोलणं व्हायचं आणि मूल एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत राहायचं. कागद झाल्यापासून दारात फक्त मुलाबद्दल बोलणं होतं : किती जेवला, केव्हा झोपला.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी विचारा : करारात नोटिशीची मुदत किती लिहिली होती, आणि तुमच्या मुलाच्या जागी नवं मूल कोणत्या तारखेपासून आलं. ते नोटिशीची मुदत संपायच्या आत आलं असेल, तर पुढच्या दिवसांची फी नक्की परत मागा. मागताना तुम्ही सांगितल्याची १० तारीख लेखी द्या.