पुण्याची हवा "बारा महिने आल्हाददायक"? महिन्यागणिक हिशेब मांडू

उन्हाळा तोंडावर आला की एक संदेश न चुकता फिरायला लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, दावे तेच. पुण्याचं वार्षिक सरासरी तापमान २५ अंश, म्हणून हवा बारा महिने आल्हाददायक. इंग्रजांनीही उन्हाळ्यासाठी पुणंच निवडलं. शहर उंचावर आहे, त्यामुळे तापत नाही. हवा कोरडी, त्यामुळे घाम नाही. बंगळूर आता बिघडलं, तेव्हा देशात पुणं एक नंबर. थंडीतली हवा म्हणजे तर औषधच. आणि शेवटी: पुण्यात एसी लागत नाही.

पुण्याची हवा वाईट आहे असं इथे कोणी म्हणत नाही. पण यातला जवळजवळ प्रत्येक दावा चुकीच्या महिन्याचा आधार घेतो, आणि त्यावर विसंबून लोक सर्वांत वरच्या मजल्यावरचे, पश्चिमेला तोंड असलेले फ्लॅट घेऊन बसतात.

"सरासरी २५ अंश"

आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान यांची बेरीज करून दोनाने भागलं की त्या दिवसाची सरासरी निघते. शिवाजीनगरच्या वेधशाळेत एप्रिलमध्ये कमाल साधारण ३८ आणि किमान २०-२१ असतं, म्हणजे सरासरी २९. डिसेंबरात कमाल २९, किमान ११-१२, सरासरी २०. बाराही महिने असे एकत्र घोटले की २५ हाती येतात. त्या २५ मध्ये एप्रिलची दुपारही गडप होते आणि डिसेंबरची पहाटही. फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये तर एकाच दिवसात जवळपास २० अंशांचा फरक पडतो: सकाळी स्वेटर, दुपारी डोक्याला रुमाल. मुंबईची वार्षिक सरासरी २७ च्या आसपास आहे. सरासरीवरच जायचं तर मुंबई आणि पुणं यांत फरक दोन अंशांचा, आणि दोन्हीकडे राहिलेला एकही माणूस हे मान्य करणार नाही.

तुलना करायची तर हवामान खात्याचे ३० वर्षांचे मासिक आकडे घ्या आणि प्रत्येक महिन्याला तीन प्रश्न विचारा. दुपारचं कमाल ३३ च्या खाली आहे का? पहाटेचं किमान २३ च्या खाली आहे का? आणि दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत निवली की तिच्यातल्या वाफेचं दव पडू लागतं तो आकडा, २० च्या खाली आहे का? या रेषा थोड्या इकडेतिकडे सरकवा, हरकत नाही, पण तिन्ही तपासा. दवबिंदू २० च्या वर गेला की अंग चिकचिकायला लागतं, मग तापमान २८ का असेना.

या चाळणीतून पुण्याचे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सहज पार होतात. ऑक्टोबर काठावर पास. जुलै-ऑगस्टमध्ये कमाल २८, म्हणजे दुपार झकास, पण दवबिंदू २१-२२, त्यामुळे टॉवेल दोन-दोन दिवस ओले. सप्टेंबर त्याच वळणाचा, जरा बरा. जूनचा पहिला पंधरवडा काहिलीचा, दुसरा सुखाचा. मार्च, एप्रिल, मे हे तीन महिने दुपारच्या परीक्षेत सरळ नापास. २०१९ च्या एप्रिलअखेरीस तर शिवाजीनगरचा पारा ४३ अंशांवर गेला होता.

बरं, हे आकडे सावलीतले. वेधशाळेतला तापमापक जाळीदार झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर असतो. पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे उघडलं तरी ऊन आत पडत नाही. सिग्नलला थांबलेल्या दुचाकीस्वाराला हे आकडे लागू नाहीत. आणि एका केंद्राचा आकडा म्हणजे अख्खं पुणं नव्हे. हिवाळ्यात पाषाणला पारा एक आकडी असतो तेव्हा मगरपट्टा किंवा कोरेगाव पार्कात तो चार-पाच अंश वर असतो. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री ती उष्णता सोडत बसतं.

"इंग्रजांनी उन्हाळ्यासाठी पुणं निवडलं"

नेमकं उलट. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर एप्रिल-मे महाबळेश्वरला काढायचा, पावसाळा सुरू झाला की पुण्याला यायचा आणि थंडीला मुंबईत परतायचा. गणेशखिंडीतलं गव्हर्नमेंट हाऊस, म्हणजे आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, हे त्याचं पावसाळी निवासस्थान. कारण साधं आहे. मुंबईत वर्षाला २२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, महाबळेश्वरात ५५०० च्या वर. पुणं सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, सातशे-साडेसातशे मिलिमीटरवर भागतं. चिखल कमी, दुपारी २८ अंश, वारा भरपूर. घोड्यांच्या शर्यतींचा पुण्यातला हंगाम आजही पावसाळ्यातच असतो, मुंबईचा हिवाळ्यात.

हवामान खात्याचं कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्याला आलं हाही पुरावा म्हणून दिला जातो. इमारतीला लोक अजून शिमला ऑफिस म्हणतात, हे खरं. पण वेधशाळा हवा मोजायला असते, हवा खायला नव्हे.

"उंचावर आहे, म्हणून तापत नाही"

हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. पुणं ५६० मीटरवर, म्हणजे हिशेबाने साडेतीन अंशांचा फायदा. तरी एप्रिलच्या दुपारी मुंबई ३३ वर आणि पुणं ३८ वर, हे कसं? मुंबईला दुपारपासूनच समुद्रावरचा वारा मिळतो. पुण्याभोवतीची जमीन तोवर सुकून कोरडी झालेली असते. जमिनीत ओल असती तर उन्हातली बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडली असती. ओलच नाही, म्हणून ती हवा तापवण्यात जाते. पश्चिमेचा वारा घाट चढून पुण्यात पोचेपर्यंत संध्याकाळ होते.

उंचीचा फायदा मिळतो तो रात्री. मे महिन्यात मुंबईत पहाटेही २७ अंश आणि वर दमटपणा, तर पुण्यात २२-२३. पुण्याच्या उन्हाळ्याचं खरं मोल या रात्रीत आहे, आणि संदेशात नेमका तिचाच उल्लेख नाही.

उष्ण कटिबंधात बारा महिने वसंत हवा असेल तर निदान दीड हजार मीटर तरी चढावं लागतं. कोलंबियातलं मेडेयीन तेवढ्याच उंचीवर आहे, नैरोबी त्याहून वर. तिथे सर्वांत गरम आणि सर्वांत गार महिन्यांत फरक अगदी थोडा. आपल्याकडे त्या उंचीला उटी किंवा शिलाँग सापडतं, आयटी पार्क नाही.

"कोरडी हवा, घाम येत नाही"

येतो, फक्त दिसत नाही. एप्रिलमध्ये दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, घाम त्वचेवर साचायच्या आत उडून जातो. संध्याकाळी शर्टावर उमटणारे मिठाचे पांढरे डाग हा त्याचा हिशेब. घाम दिसत नाही म्हणून लोक पाणी कमी पितात आणि चारच्या सुमारास डोकं धरून बसतात.

कोरड्या हवेचा एक मोठा फायदा मात्र संदेशवाल्यांनी सोडून दिला आहे: कूलर. ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याच्या तापमापकावर, म्हणजे नुसतं पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जेवढी गार होऊ शकते ते दाखवणाऱ्या तापमापकावर, साधारण २१ अंश दिसतात. बरा कूलर या दोन आकड्यांमधलं सुमारे ७० टक्के अंतर कापतो, म्हणजे झोत २६-२७ अंशांचा. मुंबईत मे महिन्यात ३३ अंश आणि ६५ टक्क्यांना तोच कूलर २९ च्या खाली जात नाही आणि वर खोली दमट करून ठेवतो.

पुण्यातही कूलर फसतो, तो बहुधा खिडक्या बंद ठेवल्यामुळे. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी निदान वीतभर उघडी हवी. नाहीतर ओली हवा आतच फिरते आणि तासाभरात काम थांबतं. दुसरं कारण पाणी. मध्यम कूलर अशा दुपारी तासाला सहा-आठ लिटर पाणी उडवतो. बोअरचं पाणी असेल तर मागे राहिलेले क्षार पॅडवर पापुद्र्यासारखे बसतात आणि हवा अडते. टाकीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी पूर्ण काढून टाकायचं, नुसती भर घालत राहायचं नाही. जूनच्या मध्यात पाऊस लागला की कूलर पुसून वर ठेवून द्यावा. त्या हवेत तो जेमतेम दोन अंश उतरवतो आणि भिंतींना बुरशी आणतो.

"बंगळूर बिघडलं, पुणं एक नंबर"

२०२४ च्या एप्रिलअखेरीस बंगळूरला ३८.५ अंश झाले आणि मोठा गाजावाजा झाला. पण बंगळूरचा आजवरचा उच्चांक २०१६ च्या एप्रिलमधला ३९.२. म्हणजे बंगळूरच्या नोंदीतला सर्वांत तापलेला दिवस पुण्याच्या एप्रिलमधल्या साध्या दिवसाहून जेमतेम एका अंशाने वर. तिथलं एप्रिलचं सरासरी कमाल ३४.

याची कारणं दोन. बंगळूर ९२० मीटरवर आहे, ही एक गोष्ट. दुसरी अधिक महत्त्वाची: सूर्य तिथे २४ एप्रिलच्या सुमारास डोक्यावर येतो आणि लगेच मे महिन्यात वळवाचे दणदणीत पाऊस सुरू होतात, महिन्याला १०० मिलिमीटरच्या वर. पुण्याचा शून्य सावली दिवस १३-१४ मे, आणि त्यानंतर मोसमी पावसाची वाट बघत आणखी तीन-चार आठवडे कोरडे. बंगळूरकरांनी वाहतूक, तळी आणि टँकर यांची रड सांगितली तर ती रास्तच आहे, पण हवेच्या सामन्यात पुणं तिथे हरतं. थंडीत मात्र पुणं पुढे: जानेवारीत पहाटे ११ अंश, बंगळूरला १५-१६. गुलाबी थंडी हवी असेल त्याने पुण्यातच राहावं.

घाटाच्या जवळचं, पुण्याहून उंच बेळगाव या वादात कोणी काढत नाही. वळवाचा पाऊस तिथे पुण्यापेक्षा जास्त मुरतो आणि मे महिन्यातली दुपार पुण्यापेक्षा सौम्य असते. पावसाळा लांब आणि ओला, ही त्याची किंमत.

"थंडीतली हवा म्हणजे औषध"

ज्या कारणाने थंडी पडते त्याच कारणाने धूर साचतो. डिसेंबरच्या रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला. जमीन झपाट्याने निवते, तिला लागलेली हवा गार होते आणि तिच्यावर ऊबदार हवेचं झाकण बसतं. टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात आणि नदीकाठी ही गार हवा साठून राहते, तिच्यासोबत वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ आणि कचरा-पाला जाळल्याचा वास. ऊन चढून झाकण फुटायला सकाळचे नऊ-साडेनऊ होतात. पहाटे साडेपाचला नदीकाठच्या रस्त्यावर धावणारा माणूस शहरातली दिवसभरातली सर्वांत कोंडलेली हवा ओढत असतो. दमा असेल त्याने थंडीत फिरायची वेळ पुढे ढकलावी, किंवा टेकडी चढून जावं.

"एसी लागत नाही"

कोणाच्या घरात, हा प्रश्न आहे. मातीच्या जाड भिंती, उंच छत आणि मधला चौक असलेल्या वाड्यात नव्हता लागत. मधल्या मजल्यावरच्या, समोरासमोर खिडक्या असलेल्या फ्लॅटमध्ये आजही बहुतेकांचं पंख्यावर भागतं: रात्री नऊनंतर खिडक्या सताड उघडायच्या, सकाळी नऊला बंद करून पडदे ओढायचे. लोक करतात उलट, दुपारी "वारा येऊ दे" म्हणून खिडक्या उघडतात आणि ३८ अंशांची हवा घरात घेतात.

वरच्या मजल्याची गोष्ट वेगळी. पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता खालच्या बाजूला पोचायला काही तास लागतात. त्यामुळे बाहेर वारा सुटतो तेव्हाच आतलं छत सर्वांत गरम असतं, आणि पंखा तीच हवा खाली ढकलतो. गच्चीवर चिनी मोझेक किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग याने खूप फरक पडतो, पण दोन अटींवर. रंग देण्याआधी भेगा भरून गच्ची धुवायची, नाहीतर पहिल्या पावसात पोपडे सुटतात. आणि रंग दिल्यावरही मार्च-एप्रिलमध्ये एक-दोनदा धुवायची, कारण बांधकामाच्या धुळीचा थर बसला की पांढऱ्याचं करडं होतं आणि परिणाम निम्म्यावर येतो. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावून फारसं साधत नाही. ऊन काचेच्या बाहेरच अडवावं लागतं: छज्जा, बांबूची चिक, हिरवी जाळी, काहीही.

फ्लॅट दाखवणारे दलाल बहुतेकदा सकाळी अकराला नेतात. पुण्यात वरच्या मजल्यावरचं घर बघायचं असेल तर एप्रिलमधला दिवस निवडा, संध्याकाळी सातला जा, स्टूल मागून घ्या आणि पश्चिमेच्या खोलीत छताला तळहात लावून बघा. हात पाच सेकंदांत मागे घ्यावासा वाटला, तर एसीचा आणि गच्चीच्या कामाचा खर्च घराच्या किमतीत धरूनच बोलणी करा.