ढाब्यावर उभ्या रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) गाडीबद्दल खुलासा

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘रीफर गाडीचं इंजिन बंद दिसलं की आतलं आइस्क्रीम वितळलं समजा.’ हे खरं नाही. मी हीच गाडी मुंबई-दिल्ली चालवतो. मोठ्या कंटेनरच्या पुढच्या भिंतीवरच्या कूलिंग युनिटला स्वतःचं डिझेल इंजिन असतं. ट्रक बंद असला तरी ते चालतं. उणे 18 वर सेट केलेलं युनिट तापमान गाठल्यावर आपोआप थांबू शकतं, पारा चढला की पुन्हा सुरू होतं. म्हणून शांत उभ्या गाडीतला मालही चांगला असू शकतो. छोट्या गाड्यांत मात्र कॉम्प्रेसर बहुधा गाडीच्याच इंजिनावर चालतो, तिथे विचारणं रास्त आहे. रात्री ढाब्यावर झोपतानाही आमचं लक्ष त्या युनिटवरच असतं हो! कृपया मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.