आधी शाळा रिकामी करा, मग वाचवा

गोव्यातल्या आपल्या गावची सरकारी प्राथमिक शाळा वाचवायची आहे ना? मग घाई नको. या कामाचा हंगाम, पट कमी म्हणून शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करण्याचा आदेश हातात पडल्यावर सुरू होतो. त्याआधी हालचाल करणारा माणूस एक तर सासुरवाडीला आलेला जावई असतो, नाहीतर निवडणुकीला उभा राहणारा.

स्वतःचे मूल या शाळेत घालायचे नाही, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. सकाळी अनुदानित शाळेचा बालरथ, म्हणजे मुलांना नेणारी बस, वाड्यावर येतो, त्यात त्याला बसवा. बस वळणाआड गेली की त्याच तिठ्यावर ‘आमची शाळा वाचवा’ असा फलक बांधा. उंची बसच्या खिडकीएवढी ठेवा, म्हणजे येता-जाता मुलांना वाचता येईल. मराठीत आहे म्हणून वाचता आला नाही, तर तो विषय वेगळा.

अंगणवाडीची वही चुकूनही उघडू नका. येत्या तीन वर्षांत पहिलीच्या वयाला कोण येणार, ते तिच्यात नावानिशी असते. आपल्याकडे प्राथमिक म्हणजे पहिली ते चौथी. चौथीतून सहा गेली आणि पहिलीत दोनच आली, की पट चाराने उतरतो. असे तीन जून गेले की बारा मुले कमी. त्या नावांच्या घरी मे महिन्यात एक फेरी मारली असती तर भागले असते. पण मेमध्ये लग्ने असतात.

आता निवेदन. सुरुवात गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्यापासून करा. मुक्तीनंतर त्यांनी गावोगाव शाळा काढल्या हे कुणी नाकारत नाही, म्हणून त्याला कुणी उत्तरही देत नाही. अंतराचा मुद्दा मात्र टाळा. शिक्षण हक्क कायद्याखालच्या केंद्राच्या 2010 च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटर ‘चालण्याच्या’ अंतरात हवी, असे आहे. नकाशावर सरळ रेषेत पुढल्या वाड्यावरची शाळा नऊशे मीटर दिसते; पायवाटेने, साकवाला (ओहोळावरच्या छोट्या पुलाला) वळसा घालून तेच दीड किलोमीटर भरते, आणि जुलैत ओहोळ साकवावरून वाहतो. पुराचा, दरडीचा धोका असेल तिथे ही मर्यादा आणखी आखडावी, असेही त्याच नियमांत आहे. टेप धरून अंतर मोजले आणि साकवाचा पावसातला फोटो जोडला, तर पर्वरीला शिक्षण खात्यात बसलेल्या माणसाला लेखी काहीतरी म्हणावे लागेल. कशाला त्या बिचाऱ्याला त्रास?

शाळेत एकच शिक्षिका आहे आणि तीही मतदारयाद्यांच्या कामाला गेली आहे? कायदा साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मागतो, हे खरे. तक्रार करा, पण तोंडी. तोंडी तक्रारीला आवक क्रमांक नसतो. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यात तुम्हीही असाल. वहीवर सही स्कूटरवर बसूनच करावी, इंजिन बंद करू नये.

ग्रामसभेत विषय अगदी शेवटी काढा, एक वाजता, माशांचे हुमण जिभेवर यायच्या वेळेला. ठराव ‘शाळा बंद करू नये’ एवढाच. पुढल्या जूनला कोण कोण आपले मूल इथे घालणार, याच्या सह्यांचा कागद कुणी पुढे केलाच तर त्याला खाली बसवा. फार धोक्याचा कागद तो. सही केली की मूल घालावे लागते.

एवढे सगळे करूनही शाळा बंद झालीच, तर सरकारला शिव्या देऊन कुलूप लावू द्या. पहिल्या पावसात एखादे कौल सरकेल, दुसऱ्यात खालचा वासा कुजेल. किल्ली कुणाकडे आहे ते तेवढे लिहून ठेवा. मतदान केंद्र तिथेच असते.