फाइल कोण धरणार?

आईने मागच्या आठवड्यात नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या तिच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातला एक फोटो पाठवला. भिंतीवर लॅमिनेट केलेली पाटी होती: ‘मोबाईलवर एआयला विचारून येणाऱ्या पेशंटनी उपचारही तिथेच घ्यावेत.’ खाली आईचा मेसेज, ‘बरोबर लिहिलंय ना?’ फॅमिली ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. माझा मावसभाऊ स्वतः डॉक्टर आहे, त्याने लगेच ब्रोमाइडची बातमी टाकली. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये छापलेली ती केस. साठ वर्षांच्या एका गृहस्थाने चॅटबॉटला विचारून मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खायला सुरुवात केली आणि तीन महिन्यांनी भ्रम होऊ लागले म्हणून त्याला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. शिवाय आपल्या सरकारच्या २०२० च्या टेलिमेडिसिनच्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय, दादाने लिहिलं, की एआयने पेशंटला सल्ला द्यायचा नाही आणि औषधही लिहून द्यायचं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरी मला त्या पाटीचा राग आला आणि आठ दिवस झाले, तो उतरत नाही.

मला रूमेटॉइड आर्थरायटिस, म्हणजे सांध्यांचा संधिवात आहे, चार वर्षं झाली. दर मंगळवारी मेथोट्रेक्झेटची गोळी, गुरुवारी फॉलिक अॅसिड, ठरावीक आठवड्यांनी रक्ततपासणी: सीबीसी, लिव्हर, क्रिएटिनिन. जर्मनीत श्टुटगार्टला तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, आणि घरापासून ट्रामपर्यंत श्टेफेले, म्हणजे उतारावरच्या लांबलचक पायऱ्या, उतरून जावं लागतं. रूमॅटोलॉगची, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांची, पहिली अपॉइंटमेंट पाच महिन्यांनी मिळाली. आत गेल्यावर बारा मिनिटं. त्या बारा मिनिटांत, जर्मनमध्ये, तीन महिन्यांचं दुखणं सांगायचं.

पहिल्या वर्षी मला ते जमलंच नाही. ‘एक ते दहामध्ये किती दुखतं?’ असं विचारलं की मी गप्प व्हायची. सहा म्हणजे काय? मी पंचवटीत वाढले. गोदावरीला पूर आला की गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले हे रेडिओवर सांगायचे, पण गल्लीत कुणी क्युसेक विचारायचं नाही. नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. विचारायचे, ‘दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय?’ गुडघ्यापर्यंत म्हटलं की नदीकाठचे दुकानदार निवांत असत, कमरेपर्यंत म्हटलं की सामान हलवायला लागत, आणि छातीला लागलं की आई आम्हाला काठाकडे फिरकू द्यायची नाही. एका रात्री बोटं मिटत नव्हती, झोप नव्हती, तेव्हा मी चॅटबॉटला मराठीत हेच लिहिलं: आज पाणी छातीला लागलंय. आणि हा मारुती कोण, तेही समजावून सांगितलं. तेव्हापासून रोज सकाळी मी फक्त एवढंच लिहिते. गुडघा, कमर, छाती. सोबत बोटं किती वेळाने मोकळी झाली आणि काय करता आलं नाही ते. अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी तो त्याचं जर्मनमध्ये एक पान करून देतो. पहिल्यांदा ते पान पुढे ठेवलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला, पूर्ण वाचलं आणि औषधाचा डोस बदलला. आपल्याकडे त्या कागदाबद्दल मला पाटी दाखवली असती.

हे लिहिलं की दादा म्हणणार, तिकडे बसून बोलणं सोपं आहे. गेल्या डिसेंबरात नाशिकला आले आणि गुडघा सुजला, तर त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी बघितलं होतं, हे मी विसरलेले नाही. इथे ते स्वप्नातही होणार नाही. पण महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला आहे, १९९८ पासून. ज्या गावातून राज्यभरच्या डॉक्टरांच्या पदव्या निघतात, त्या गावात पेशंटने वाचून येणं हा अपमान वाटावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चॅटबॉट चुकतो, हे मला दादापेक्षा जास्त माहीत आहे. एकदा मी त्याला आठवड्याचं औषधांचं कोष्टक करायला सांगितलं, तर त्याने मेथोट्रेक्झेट रोजच्या रकान्यात घातलं. आठवड्याची गोळी रोज घेतली तर माणूस दगावू शकतो. मी ते पकडलं, कारण आपोटेकेतल्या, म्हणजे इथल्या औषधाच्या दुकानातल्या, बाईने खोक्यावर मार्करने जाड अक्षरात ‘फक्त मंगळवार’ लिहून दिलं होतं. उलटंही घडलं. एका रविवारी लघवीला जळजळ झाली म्हणून इमर्जन्सीच्या डॉक्टरांनी ट्रायमेथोप्रिम हे अँटिबायोटिक लिहून दिलं. घरी येऊन मी चॅटबॉटला नाव सांगितलं, तर तो म्हणाला, मेथोट्रेक्झेटवर असताना हे घेण्याआधी फार्मसीत विचारा, दोन्ही औषधं फॉलिक अॅसिडच्या कामात अडथळा आणतात, रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. आपोटेकेतल्या बाईने फोन केला, गोळी बदलून मिळाली. दोन्ही वेळा शेवटचा शब्द त्या बाईचा होता. पण दुसऱ्या वेळी मला तिच्याकडे पाठवलं ते यंत्राने.

त्या पाटीने मला इतकं का डिवचलं, याचा विचार करताना कॉलेज रोडला राहणारी माझी मैत्रीण आठवते. तिलाही हाच आजार. तिच्याबरोबर दवाखान्यात तिची जाऊ येते. फाइल जावेच्या मांडीवर, रिपोर्ट तारखेनुसार लावलेले. मैत्रीण डॉक्टरांना म्हणते, ‘बरी आहे.’ जाऊ मध्येच म्हणते, ‘नाही हो डॉक्टर, ही सांगत नाही, पण सकाळी हिला चहाचं पातेलं उचलत नाही.’ त्या एका वाक्यावर डॉक्टर मान वर करतात. मला जाऊ नाही. इथे माझी फाइल धरणारं माणूस नाही. माझी केअरवोखं, म्हणजे इमारतीचा जिना पुसायची आठवड्याची पाळी, असते तेव्हा ओलं फडकं पिळता येत नाही, हे खालच्या मजल्यावरच्या आजींना कसं सांगायचं आणि आठवडा कसा बदलून मागायचा, ती चिठ्ठीसुद्धा मी चॅटबॉटकडून लिहून घेतली. ज्यांच्या घरात फाइल धरायला चार हात आहेत, त्यांनी अशी पाटी लावावी आणि तिला अंगठे द्यावेत, याचा मला राग येतो.

आणि मग लक्षात आलं, तो फोटो आईने काढला होता. म्हणजे त्या बाकड्यावर ती एकटी बसली होती. शुगर, बीपी, आणि आता डाव्या डोळ्याचं काहीतरी. पंचवटीतून रिक्षाने जाते, पिशवीत रिपोर्ट, आणि आत गेल्यावर ‘बरी आहे’ म्हणते. तिची फाइल धरायची ती मी. मी इथे आहे. गेली दोन वर्षं तिचे रिपोर्ट मी तिला न सांगता त्याच चॅटबॉटला वाचायला देते, वरचं नाव आणि जन्मतारीख झाकून, आणि मग फोनवर विचारते, ‘आई, तीन महिन्यांची साखर वाढलीय का गं?’ तिला वाटतं मुलीला बरोबर कळतं.

माझं दुखणंही मी तिच्यापासून लपवलं होतं. तिला ‘थंडीने सांधे धरतात’ एवढंच माहीत. व्हिडिओ कॉलवर हात टेबलाखाली. सांगितलं असतं तर निर्गुडीच्या पाल्यापासून त्र्यंबकेश्वरच्या पूजेपर्यंत सगळं सुरू झालं असतं, असं मी स्वतःला समजावत आले. खरं कारण वेगळं होतं. ती म्हणाली असती, ‘परत ये,’ आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री तीन वाजता मराठीत दुखणं सांगायला मला यंत्र चाललं, आई नाही.

हे तिने दुसऱ्या कुणाच्या फोनवर वाचू नये म्हणून रविवारी तिला सगळं सांगितलं. आजाराचं नाव, गोळ्या, चॅटबॉट, मारुती, तिचे रिपोर्टसुद्धा. ती बराच वेळ बोलली नाही. मग विचारलं, ‘आज पाणी कुठवर आहे?’

‘कमरेपर्यंत,’ मी म्हटलं.

‘मग आज फडकं पिळू नकोस.’

गुरुवारी तिचा नंबर आहे, सकाळी अकराचा. इथे साडेसात वाजलेले असतील. तिच्या डोळ्याबद्दलचे पाच प्रश्न चॅटबॉटकडून मोठ्या अक्षरांत मराठीत काढून घेतलेत, शेजारचा मुलगा प्रिंट आणून देणार आहे. आई म्हणाली, कागद ती डॉक्टरांपुढे ठेवेल, पण मी फोनवर राहायचं, आणि ती ‘बरी आहे’ म्हणाली की मध्ये बोलायचं.