एलडीएल कमी केलं की प्रतिकारशक्ती घटते?

व्हॉट्सॲपवर फिरणारा दावा असा: एलडीएल (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) जंतूंशी लढतं, रक्तवाहिनीत ते आग विझवायला आलेल्या बंबासारखं असतं, खरा गुन्हेगार दाह (शरीरातली सूज, इन्फ्लमेशन), म्हणून स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सोडा. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाने हे ऐकलं तर जिवावर बेतेल.

‘एलडीएल जंतूंशी लढतं.’ यात तथ्य आहे. एलडीएल आणि एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) दोन्ही जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनला, म्हणजे त्यांच्या विषाला, बांधून त्याचा जोर कमी करतात. पण त्यासाठी एलडीएल चढंच हवं, हे कुठून आलं? 2017च्या फूरियर चाचणीत 27,564 रुग्ण होते. एलडीएल उतरवणारं औषध घेणाऱ्यांचं एलडीएल 92 वरून 30 मिग्रॅ/डेलीपर्यंत उतरलं, तरी गंभीर दुष्परिणाम डमी औषधवाल्यांपेक्षा लक्षणीय वाढले नाहीत.

‘कोलेस्टेरॉल कमी असलेलेच जास्त आजारी पडतात.’ इथे कार्यकारण उलटं लावलंय. सेप्सिस (रक्तात पसरलेला गंभीर संसर्ग) किंवा डेंगीसारख्या संसर्गात कोलेस्टेरॉल आजारामुळेच घसरतं.

‘एलडीएल म्हणजे बंब.’ नाही, आग तेच पेटवतं. कण धमनीच्या आतल्या थरात शिरतो, तिथल्या प्रोटिओग्लायकन नावाच्या चिकट रेणूंना अडकतो, ऑक्सिडाइझ होतो, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन बिघडतो. मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, त्याला गिळतात आणि कोलेस्टेरॉलने भरून फेसाळ होतात. साचलेल्या कोलेस्टेरॉलचे स्फटिक बनले की पेशीतलं एनएलआरपी3 नावाचं धोक्याची घंटा वाजवणारं प्रथिनांचं यंत्र चालू होतं आणि इंटरल्युकिन-1 बीटा हा दाह पेटवणारा रेणू बाहेर पडतो. दाह सुरू होतो तो इथे. एलडीएल चढवणारं सदोष जनुक आई-वडील दोघांकडून आलेल्या मुलांचं एलडीएल उपचाराविना 500च्या पुढे जाऊ शकतं. सिगारेट नाही, मधुमेह नाही, तरी त्यांना कोवळ्या वयात हृदयविकार गाठतो.

‘मग दाहावरच औषध द्या.’ तेही करून पाहिलंय. 2017च्या कँटोस चाचणीत कॅनाकिनुमॅब या इंटरल्युकिन-1 बीटा रोखणाऱ्या औषधाने एलडीएल न बदलता हृदयविकाराच्या घटना सुमारे 15 टक्क्यांनी कमी केल्या. दाहाचा वाटा त्यातून सिद्ध झाला. पण जीवघेणे संसर्गही वाढले. म्हणजे प्रतिकारशक्तीला धक्का लागला तो थेट दाह दाबणाऱ्या औषधाने.

‘एचडीएल जितकं जास्त तितकं चांगलं.’ टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल 72 टक्क्यांनी वाढवलं आणि मृत्यूही वाढले. 2006मध्ये चाचणी थांबवावी लागली. शिवाय तीव्र संसर्गात एचडीएलवर सीरम अमायलॉइड-ए हे दाहात वाढणारं प्रथिन चढून बसतं आणि त्याची दाहशामक ताकद घटते. आकडा एवढं सांगत नाही.

तेव्हा तापात लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) करू नका. एलडीएल फसवं कमी दिसेल. दाह मोजणारी एचएस-सीआरपी रक्ततपासणी 10 मिग्रॅ/लिटरच्या वर आली तर आधी संसर्ग शोधा, बरं झाल्यावर पुन्हा मोजा. स्टॅटिनने स्नायू दुखत असतील तर डॉक्टरांना सांगून डोस किंवा औषध बदलून घ्या. गोळी आपणहून थांबवू नका.