‘द्वा सेर्दुश्का’वरील प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘कोल्ड वॉर’ (२०१८) या चित्रपटातील ‘द्वा सेर्दुश्का’ या पोलिश प्रेमगीतावरच्या माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतलेत. लेख फार लांबला, मार्चिन मासेत्स्कीने चित्रपटासाठी केलेल्या जॅझ मांडणीने लोकगीताचा गळा घोटला, आणि ‘पडद्याखालची भाषांतरे वाचून डोळे पुसणाऱ्यांनी पोलिश गाण्यांवर लिहू नये’. लांबीबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही.

एक चूक मात्र मान्य करते. हे गाणे समूहात गाणाऱ्या ‘माझोव्शे’ या पोलिश लोकगीत-लोकनृत्य पथकाला मी गावकऱ्यांचे पथक म्हटले होते, ते १९४८ मध्ये शासनाने स्थापन केलेले व्यावसायिक पथक आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. पण मग आपण ज्याला ‘मूळ’ म्हणता, तेही या पथकाचे संस्थापक-संगीतकार तादेउश सिगिएतिन्स्की यांनी रंगमंचासाठी, तालमीत घोटून घेतलेल्या आवाजांसाठी बांधलेलेच रूप आहे, हे आपणही मान्य करायला हवे.

आता ते डोळे पुसण्याचे वाक्य. मी पोलंडमधल्या क्राकोवमध्ये चार वर्षे राहिले आणि पोलिश शिकले ती पुस्तकांतून कमी, घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात जास्त. बटाटे सोलताना त्या हेच गाणे गुणगुणत. आईने मुलीला प्रेम करायला मनाई केल्याची ओळ आली की त्यांची सुरी थांबे, आवाज खाली येई आणि पुढची ओळ त्या जवळजवळ पुटपुटत. हे मी भाषांतरात वाचलेले नाही. समोरच्या माणसाविषयी काहीही ठाऊक नसताना असे वाक्य लिहून टाकणे मला अशोभनीय वाटते, आणि ते स्पष्टपणे सांगण्याचा मला अधिकार आहे.

म्हणूनच चित्रपटात पॅरिसच्या क्लबमध्ये नायिका झुलाच्या भूमिकेतली योआना कुलिग तेच गाणे संथ लयीत गाते, तेव्हा मला तिथे काही मोडलेले दिसत नाही. समूहगायनात ‘ओय ओय ओय’ हे पालुपद अनेक कंठांत विरघळून जाते. इथे ते एकटीच्या गळ्यात उरते, पियानो मागे सरतो, आणि दोन हृदये व चार डोळे रात्रंदिवस रडतात म्हणजे काय, ते ऐकू येते. माझ्या मालकीणबाईंच्या पुटपुटण्याला हीच मांडणी अधिक जवळची आहे. पुढे त्याच गाण्यावर फ्रेंच शब्द चढवले जातात आणि ते खुद्द झुलालाच रुचत नाहीत; आपला आक्षेप त्या शब्दांवर असता, तर मी आपल्या बाजूने उभी राहिले असते. पण आपण तो जॅझवर घेतलात, आणि गाण्याबद्दल जेमतेम एक ओळ लिहून उरलेली सारी शाई माझ्या लायकीवर खर्च केलीत.

दोन्ही रूपे पुन्हा लागोपाठ ऐकावीत. त्यानंतरही मांडणी चुकीची वाटली, तर नेमकी कोणती जागा चुकली ते लिहावे. त्याला मी आनंदाने उत्तर देईन. माझ्या डोळ्यांतल्या पाण्याची चौकशी आपण करू नये.