‘मॅनेजरला अधिकार दिला तरी रोल देता येत नाही’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या दुकान-हिशोबाच्या सॉफ्टवेअरला एक स्टार दिलात, ठीक आहे. पण ते वाचून बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आणखी कुणी तीच सवलत मागेल, म्हणून उत्तर इथेच लिहितो.

तुमची तक्रार अशी: मॅनेजरला ‘यूझर बनवा’ हा अधिकार दिला, तरी नव्या मुलाला अकाउंट्सचा रोल (म्हणजे त्या कामाच्या अधिकारांचा संच) देताना ‘परवानगी नाही’ येतं, आणि फोनवर आमच्या ताईंनी ते उघडून द्यायला नकार दिला.

ताईंनी बरोबर केलं. आमची अट अशी, की जो रोल स्वतःकडे नाही तो दुसऱ्याला देता येत नाही; आणि अकाउंट्सचा रोल मॅनेजरकडेच नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ही अट काढली, तर तो दुसऱ्या नावाने एक लॉगिन काढून त्याला थेट मालकाचा रोल देऊ शकतो. मग उधारी माफ झाली तरी नोंद त्या खोट्या नावावर. तुमचा माणूस तसा नाही, मान्य. पण पासवर्डची चिठ्ठी गल्ल्याच्या काचेखाली ठेवायची आपल्याकडची रीत बघता, प्रश्न एकट्या त्याचा राहत नाही.

‘मग नको त्यांना ते रोल द्यायचं बटण दाखवू नका, झालं,’ असंही तुम्ही लिहिलंय. बटण लपवणं हा बंदोबस्त नव्हे. सेव्ह केल्यावर सर्व्हरकडे रोलचा नंबर जातो. ब्राउझरमध्येच ४ चा १ (समजा मालकाचा) करून तो पाठवणं कॉलेजच्या पोरालाही जमतं. म्हणून तपासणी सर्व्हरवर, दर वेळी: मागतोय कोण, आणि देतोय ते त्याच्याकडे आहे का.

हा काही आमचाच हट्ट नाही. कुबरनेटीस या सर्व्हरवरची सॉफ्टवेअर चालवणाऱ्या प्रणालीमध्येही स्वतःकडे नसलेली परवानगी नव्या रोलमध्ये घालता येत नाही. त्यासाठी ‘एस्कलेट’ हा वेगळा अधिकार लागतो. ओवॅस्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या धोक्यांच्या २०१७ च्या यादीत अ‍ॅक्सेस कंट्रोलमधल्या (कुणाला काय करू द्यायचं, यातल्या) त्रुटी पाचव्या होत्या, २०२१ मध्ये पहिल्या.

तुमचं काम मात्र अडायला नको. मालकाच्या लॉगिनमधून ‘रोल वाटप’ उघडा. काउंटर आणि गोदाम मॅनेजरला बिनधास्त वाटू द्या. अकाउंट्सपुढे ‘मालकाची मंजुरी’ लावा. तो मागणी टाकेल, तुमच्या मोबाईलवर येईल, गरब्यात असलात तरी मंजूर करता येईल. तिथेच असताना, काउंटरवरून खरेदीला हलवलेल्या माणसांचे जुने रोल काढलेत का तेही बघा.

तरीही पटलं नाही, तर उरलेल्या महिन्यांची फी परत देऊ. तपासणी कुणासाठीच बंद करणार नाही.